लहान श्वासनलिका आणि लांबचा उपचार

पाथर्डीच्या बाजारपेठेत, बसस्थानकाकडून आत वळले की, औषधांची दुकाने ओळीने लागतात. संध्याकाळी तिथे थोडा वेळ उभे राहिले तर एक मागणी हमखास कानावर पडते : ‘ती तीन दिवसांची गोळी द्या.’ घसा धरला, सर्दी छातीत उतरली, पोराला ताप आला, की तीच गोळी. तिचे नाव ॲझिथ्रोमायसिन. गिऱ्हाइकाला नाव ठाऊक असतेच असे नाही, पण ‘तीन दिवसांचा कोर्स’ सगळ्यांना ठाऊक असतो. ही केवळ आमच्या तालुक्याची गोष्ट नाही. भारतातल्या खासगी औषधबाजाराचा २०१९ सालचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सर्वाधिक खपलेला प्रतिजैविकाचा प्रकार म्हणजे ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी. कायद्याने ती डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळायला नको. व्यवहारात काय होते ते वाचकांना सांगायला नको.

हीच गोळी आठवड्यातून तीनदा, सलग वर्षभर घ्यायची, असे एखाद्या छातीच्या डॉक्टरांनी लिहून दिले तर? माझ्या चुलतीला तसे लिहून दिले गेले. ती करंजी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीवर राहते. तरुणपणी तिला क्षयरोग झाला होता, तो औषधाने बरा झाला, पण छाती कधी पुरती सुधारली नाही. वर्षातून तीन-चार वेळा छाती भरून यायची, पिवळा-हिरवा कफ पडायचा, दोन पावले चालले तरी धाप लागायची आणि नगरला दाखल करावे लागायचे. नवी चिठ्ठी पाहून ती मला म्हणाली, ‘आरं, टीबी तर कव्हाच बरा झाला. मंग आता वरीसभर गोळ्या कशापायी?’

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. प्रतिजैविक म्हणजे जंतू मारणारे औषध. ते नेमून दिलेल्या दिवसांपुरते घ्यायचे आणि उगाच घ्यायचे नाही, हे मी पंचवीस-तीस वर्षे मुलांना सांगत आलो. ते बरोबरच आहे. मग वर्षभराची ही चिठ्ठी त्या नियमात कुठे बसते? चुलतीच्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे म्हणून मी वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो. त्यातून हाती आले ते असे.

फुप्फुसाचा मुका टापू

आपली श्वासनळी छातीत उतरल्यावर दोन फाट्यांत विभागते. प्रत्येक फाट्याचे पुन्हा दोन, त्यांचे पुन्हा दोन, असे साधारण तेवीस वेळा होते. झाड उलटे टांगल्यासारखी ही रचना आहे. बुंधा वर, डहाळ्या खाली आणि डहाळ्यांच्या टोकाला हवेचे फुगे म्हणजे वायुकोश. या झाडाच्या ज्या डहाळ्यांचा व्यास दोन मिलिमीटरपेक्षा कमी असतो त्यांना लहान श्वासनलिका म्हणतात. त्यांच्यातल्या शेवटच्या नलिका तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात.

वाटते असे की इतक्या बारीक नळ्यांतूनच हवेला सर्वांत जास्त अडथळा होत असणार. प्रत्यक्षात उलटे आहे. एक नळी बारीक असली तरी त्यांची संख्या हजारोंच्या घरात असते आणि सगळ्यांची मिळून वाट मुख्य नळीपेक्षा कितीतरी रुंद होते. त्यामुळे निरोगी फुप्फुसात एकूण अडथळ्याचा अगदी थोडा वाटा या नलिकांकडे असतो. याचा एक धोकादायक परिणाम होतो. यांतल्या पुष्कळशा नलिका बुजल्या, तरी माणसाला कळत नाही आणि फुंकर मारून करायच्या नेहमीच्या तपासणीतही फारसे दिसत नाही. जेरे मीड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० साली या भागाला फुप्फुसाचा मुका टापू म्हटले होते. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूक्ष्म क्ष-किरण चित्रणाने दाखवून दिले, की सीओपीडी या आजारात वायुकोश फाटायला लागण्याच्या आधीच शेवटच्या लहान नलिका अरुंद होतात आणि नाहीशाही होतात. म्हणजे धाप लागते तेव्हा आजाराची सुरुवात झालेली नसते. तो बराच पुढे गेलेला असतो.

चूल, क्षय आणि धूळ

छातीचा जुना आजार म्हटला की विडी-सिगारेट आठवते. ते खरे आहे, पण आपल्याकडे अपुरे आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात दाखवले, की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. धूम्रपान करणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड, शेण, काडीकचरा यांच्या धुरात राहणारे सुमारे तीनशे कोटी, असा त्यांचा हिशोब होता. भारतात सीओपीडीचे रुग्ण १९९० मध्ये अंदाजे २ कोटी ८१ लाख होते, ते २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाखांवर गेले. या आजाराच्या ओझ्यापैकी निम्म्याहून अधिक वाटा घरातल्या आणि बाहेरच्या दूषित हवेचा, तर सुमारे एक चतुर्थांश तंबाखूचा आहे, असे त्याच पाहणीत आढळले.

पाथर्डीकराला हे आकडे परके वाटणार नाहीत. आमच्याकडच्या बायकांनी तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीचे सरपण आणि गोवऱ्या यांवर आयुष्य काढले. फुंकणीने चूल फुंकताना तोंड नेमके धुराच्या लोटासमोर असते. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर सिलिंडर घरोघर आले. पण टाकी संपली की पुन्हा चूल पेटते आणि पाण्याचा हंडा तर बहुतेक वस्त्यांवर अजून चुलीवरच तापतो. दसरा-दिवाळी झाली की तालुक्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. फडाशेजारच्या कोपीत तर चुलीला पर्यायच नसतो आणि वर पेटवलेल्या पाचटाचा धूर.

दुसरे कारण क्षयाचे. जंतू मेले, कागदावर ‘बरा’ असा शेरा आला, तरी फुप्फुसात व्रण राहतात. त्या जागी नलिका ताणल्या जाऊन कायमच्या रुंद आणि सैल होतात. या अवस्थेला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. अशा सैल नळीत कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी धावून येतात आणि लढता लढता त्या नळीचीच भिंत झिजवतात. भिंत आणखी सैल झाली की कफ आणखी साचतो. ब्रिटिश डॉक्टर पीटर कोल यांनी १९८६ मध्ये याला दुष्टचक्र म्हटले आणि तो शब्द टिकला. भारतातल्या ३१ केंद्रांमधून अशा २,१९५ रुग्णांची नोंद करण्यात आली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. युरोपात या आजाराचे कारण पुष्कळदा सापडत नाही. भारतीय नोंदीत पहिल्या क्रमांकाचे कारण क्षयरोग होते, ३५ टक्क्यांहून अधिक. चुलतीच्या ‘टीबी तर कव्हाच बरा झाला’ या वाक्याचे उत्तर इथे आहे. टीबी गेला, त्याने केलेली पडझड राहिली.

जपानमधला एक रुग्ण

आता औषधाकडे वळू. या गोळीची आजी म्हणावी असे औषध म्हणजे एरिथ्रोमायसिन. फिलिपाइन्समधले डॉ. आबेलार्दो आगिलार यांनी १९४९ मध्ये इलोइलो भागातल्या मातीचे नमुने अमेरिकेतल्या एका औषध कंपनीकडे पाठवले. त्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हे प्रतिजैविक मिळाले आणि १९५२ मध्ये बाजारात आले. पेनिसिलिन न सोसणाऱ्या रुग्णांना पर्याय म्हणून ते वापरले जाई. पुढे १९८० मध्ये युगोस्लाव्हियातल्या झाग्रेब इथल्या संशोधकांनी त्याच्या वलयाकार रेणूत एक नायट्रोजनचा अणू बसवला आणि ॲझिथ्रोमायसिन तयार झाले. ते ऊतींमध्ये साठते आणि शरीरातून सावकाश जाते. रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच जवळपास तीन दिवस लागतात. म्हणून तीन दिवसांचा कोर्स पुरतो आणि म्हणूनच लांबच्या उपचारात रोज न घेता आठवड्यातून तीनदा घेतले तरी चालते.

जपानमध्ये १९६० च्या दशकात डॉक्टरांना एक वेगळाच आजार आढळला होता. रुग्ण बहुधा धूम्रपान न करणारे, नाकाच्या पोकळ्या कायम सुजलेल्या, भरपूर कफ आणि वाढत जाणारी धाप. दोन्ही फुप्फुसांतल्या अगदी लहान नलिकांभोवती सूज पसरलेली असे. यामानाका, होम्मा आदींनी १९६९ मध्ये त्याला डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस असे नाव दिले. शेवटी शेवटी रुग्णाच्या कफात स्यूडोमोनास नावाचा चिवट जंतू ठाण मांडी आणि मग उपाय उरत नसे. १९७० च्या दशकात निदान झालेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांनी जेमतेम ६३ टक्के जिवंत राहत.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टोकियोतले डॉ. शोजी कुदो यांच्याकडे या आजाराचा एक रुग्ण आला. त्याची प्रकृती अपेक्षेपेक्षा फारच चांगली होती. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याच्या गावाकडच्या डॉक्टरांनी त्याला दोन वर्षे रोज ६०० मिलिग्रॅम एरिथ्रोमायसिन दिले होते. नेहमीच्या मात्रेहून हे कमी आणि नेहमीच्या मुदतीहून कितीतरी लांब. शहरातल्या मोठ्या डॉक्टराने हे हसण्यावारी नेले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. कुदो यांनी तीच मात्रा इतर रुग्णांना देऊन पाहिली. कफ कमी झाला, धाप कमी झाली, छातीच्या चित्रातले ठिपके विरळ झाले. १९८५ नंतर निदान झालेल्या रुग्णांमध्ये पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ९१ टक्क्यांवर गेले.

मला यातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. स्यूडोमोनास हा जंतू एरिथ्रोमायसिनला दाद देत नाही. या मात्रेत तर नाहीच. कित्येक रुग्णांच्या कफात तो शेवटपर्यंत तसाच सापडत होता. तरी रुग्ण सुधारत होते. म्हणजे औषध जंतू मारून काम करत नव्हते.

मग काम कसे होते?

पुढच्या संशोधनातून जे चित्र उभे राहिले ते थोडक्यात असे. या कुळातली औषधे पांढऱ्या पेशींना नळीकडे बोलावणाऱ्या रासायनिक हाका कमी करतात. हाका कमी झाल्या की धावून येणाऱ्या पेशी कमी होतात आणि भिंतीची झीजही. नळीच्या आतल्या पेशी कफ कमी बनवतात. स्यूडोमोनाससारखे जंतू एकमेकांना संकेत देऊन चिकट थर तयार करतात, त्या संकेतांतही हे औषध अडथळा आणते. जंतू जिवंत राहतो, पण त्याची उपद्रवक्षमता घटते. कोल यांच्या दुष्टचक्रात या औषधाचा हात पांढऱ्या पेशींच्या टप्प्यावर पडतो. हा गुण सगळ्या कुळात नाही. ज्यांच्या वलयात १४ किंवा १५ अणू असतात त्या औषधांत तो आढळतो. १६ अणूंच्या वलयाची भावंडे जंतू मारतात, पण जपानी आजारात त्यांचा उपयोग झाला नाही.

जपानी आजार आपल्याकडे विरळा. पण लहान नलिकांची सूज, पांढऱ्या पेशींची गर्दी आणि कफ हे ब्रॉन्किएक्टेसिस आणि सीओपीडीतही असतेच. म्हणून तिथेही चाचण्या झाल्या. ब्रॉन्किएक्टेसिससाठी न्यूझीलंड, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलिया इथल्या तीन चाचण्या २०१२ आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि तिन्हींचा कौल एकच होता. न्यूझीलंडच्या चाचणीत १४१ रुग्ण होते. सहा महिन्यांत खोट्या गोळीवरच्या रुग्णांची छाती सरासरी दीड वेळा बिघडली. ॲझिथ्रोमायसिनवरच्यांची साधारण ०.६ वेळा. सीओपीडीची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या १,१४२ रुग्णांना वर्षभर रोज औषध किंवा खोटी गोळी दिली. आजार पुन्हा उसळेपर्यंतचा मधला काळ १७४ दिवसांवरून २६६ दिवसांवर गेला. नंतरच्या विश्लेषणात असे दिसले, की जे धूम्रपान करतच राहिले त्यांना फायदा झाला नाही.

इथे मोजके बोलायला हवे. या औषधाने सैल नळी पूर्ववत होत नाही, बुजलेली उघडत नाही, फुप्फुसाची ताकदही फारशी वाढत नाही. फायदा मुख्यतः एकच : छाती भरून येण्याच्या पाळ्या कमी होतात. पण प्रत्येक पाळी फुप्फुसाचा थोडा भाग कायमचा घेऊन जाते, हे लक्षात घेतले तर हा फायदा लहान नाही.

किंमत

अमेरिकेच्या त्याच चाचणीने दुसरी बाजूही मोजली. औषध घेणाऱ्यांपैकी २५ टक्के रुग्णांच्या श्रवणशक्तीत घट नोंदली गेली. खोट्या गोळीवर हे प्रमाण २० टक्के होते. चाचणीच्या काळात ज्यांच्या नाकात-घशात नव्याने जंतूंनी घर केले त्यांच्यापैकी औषध घेणाऱ्यांत ८१ टक्के जणांचे जंतू या औषधाला न जुमानणारे होते, तर इतरांत ४१ टक्के. हे जंतू एका माणसात थांबत नाहीत. घरात, शाळेत, गावात पसरतात. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवण्याचा धोका काही जणांना असतो, म्हणून आधी ईसीजी काढावा लागतो आणि चालू असलेली इतर औषधे डॉक्टरांना दाखवावी लागतात.

आपल्या देशात आणखी एक अट महत्त्वाची. क्षयाच्या जंतूचे काही भाऊबंद जुन्या व्रणांमध्ये राहतात. त्यांच्यावरचा जो संयुक्त उपचार आहे त्याचा कणा हेच औषध आहे. असा जंतू फुप्फुसात असताना एकटे ॲझिथ्रोमायसिन वर्षभर दिले तर तो त्याला सरावतो आणि खरा उपचारच हातातून जातो. म्हणून सुरू करण्यापूर्वी कफाची तपासणी हवी : क्षय पुन्हा उलटला नाही ना, यासाठी आणि या भाऊबंदांसाठीही. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०२० च्या मार्गदर्शनात हे सगळे आहे. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये वर्षातून तीन किंवा अधिक वेळा छाती बिघडणाऱ्या रुग्णांचाच विचार करावा, असेही त्यात सांगितले आहे.

एका आजारात उपयोगी पडले म्हणून दुसऱ्यात पडेलच असे नाही, हेही सिद्ध झाले आहे. रक्ताच्या कर्करोगासाठी दात्याच्या मूलपेशींचे रोपण झालेल्या रुग्णांत लहान नलिका बुजण्याचा एक आजार होतो. तो होऊच नये म्हणून फ्रान्समध्ये आधीपासून ॲझिथ्रोमायसिन देऊन पाहिले. कर्करोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले आणि चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा इशारा दिला. कोविडच्या काळात हीच गोळी घरोघर पोचली होती. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांत तिचा उपयोग आढळला नाही.

कोयता आणि गोळी

चुलतीचा ईसीजी झाला, कफ दोनदा तपासला गेला, कानाची चाचणी झाली, मग गोळ्या सुरू झाल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्याबरोबर कफ बाहेर काढायचे श्वासाचे व्यायाम, जे गोळीइतकेच गरजेचे आहेत. वर्षभरात तिची छाती एकदाच भरून आली. एका माणसाच्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही, हे मी मुलांनाही शिकवत असे. पण तीन-चारवरून एकवर येणे म्हणजे आमच्या भागात काय, ते सांगायला हवे.

तिचा मुलगा आणि सून मिळून एक कोयता आहेत. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीच्या नावावर. नातवंडे शाळेसाठी आजीपाशी राहतात. ऐन थंडीत आजीची छाती भरली की सून फडावरून परत यायची. कोयता मोडायचा, उचल अंगावर राहायची आणि ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा जायचे. काही वेळा नातवंडांनाच शाळा सोडून फडावर जावे लागे. गेल्या हंगामात सून मधून परत आली नाही आणि दोन्ही मुलांची शाळा चालू राहिली.

म्हणून मला या औषधाचा जपून वापर हा केवळ वैद्यकीय शिस्तीचा मुद्दा वाटत नाही. दुकानातून सर्दीसाठी नेलेल्या प्रत्येक पट्टीबरोबर गावातले जंतू थोडे थोडे या औषधाला सरावतात आणि सर्दी विषाणूची असल्याने ती पट्टी बहुधा वायाच जाते. दुसरीकडे ज्यांना वर्षभराच्या उपचाराची खरी गरज आहे त्यांना तो मधेच सोडावा लागतो. तोडीला गेलेला रुग्ण कऱ्हाड-सांगलीकडच्या फडात असतो. त्याची फाइल नगरला असते, गोळ्या डिसेंबरात संपतात. क्षयाच्या औषधांसाठी सरकारने रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात वळवण्याची सोय केली आहे. क्षयातून उठलेल्या पण छाती गमावलेल्या माणसासाठी तशी सोय झाली, तर निघताना फाइलची प्रत, सहा महिन्यांचा हिशोब आणि फडाजवळच्या सरकारी दवाखान्याचे नाव त्याच्या हाती देता येईल.

चुलतीच्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवून पाहायच्या, हे या महिन्यात ठरायचे आहे. डॉक्टरांनी पुन्हा ईसीजी, कानाची चाचणी आणि कफाची तपासणी सांगितली आहे. बरे वाटते म्हणून थांबवू नका आणि बरे वाटते म्हणून आपल्या मनाने पुढेही रेटू नका, असे त्यांनी बजावले आहे. टोळ्या पाडव्यानंतर निघतील. त्याआधी तपासण्या उरकाव्यात म्हणून सुनेने भाऊबिजेचे माहेरपण या वर्षी एका दिवसावर आणले आहे.